राणेखानाच्या बैलाचं नाव काय होतं?

लष्करकर | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

परवा नातू झोपत नव्हता म्हणून त्याला पानिपत सांगत बसलो. साडेसहा वर्षांचा आहे. दत्ताजी, जनकोजी, विश्वासराव, भाऊसाहेब, सगळं निमूट ऐकलं. मग महादजींवर आलो. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ही गोष्ट सांगितल्याशिवाय पानिपत संपतच नाही. १४ जानेवारी १७६१. फौज फुटली. महादजी घोडीवरून निघाले, मागे एक पठाण स्वार लागला. शेवटी घोडी दमून खड्ड्यात पडली, पठाणाने पायावर कुऱ्हाड घातली, अंगावरचं लुटलं आणि मेला समजून टाकून गेला. मागून राणेखान नावाचा भिस्ती, म्हणजे फौजेला पाणी पुरवणारा, आला. त्याने महादजींना उचललं, आपल्या पखालीच्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे आणलं. पाय जन्माचा अधू झाला, पण जीव वाचला.

एवढं झाल्यावर पोरगा उठून बसला. म्हणाला, "आबा, बैलाचं नाव काय?"

मी गप्प. साठ वर्षं ही गोष्ट ऐकतोय आणि सांगतोय, पण हे मला कधी सुचलंच नाही. राणेखानाला महादजींनी भाऊ मानलं, जहागीर दिली, सरदार केलं. पुढे लोक त्याला राणेखानभाईच म्हणत. १७८८ मध्ये गुलाम कादिरचा पाठलाग करायला फौज निघाली तिच्या पुढे हाच राणेखान होता. पाणक्याचा सेनापती झाला! पण ज्याच्या पाठीवर महादजी आले त्याचं काय? पुढे ज्याने दिल्लीचा बादशहा आपल्या छत्राखाली ठेवला, त्याला पानिपतावरून बाहेर काढणारा एक बैल होता. आम्ही लष्करातली माणसं त्याच महादजींच्या पुण्याईवर इथे राहतोय. (लष्कर म्हणजे सैन्य नव्हे, आमच्या शहराचा भाग. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, तो उठलाच नाही, त्याचं गाव झालं आणि नाव तेच राहिलं.)

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या बैलाबद्दल कुणाच्या घरी, कुठल्या गोष्टीत, गाण्यात काही ऐकलंय का? आणि दुसरं, पोळ्याला आमच्या मंडळात मुलांसमोर पंधरा मिनिटं बोलायचंय. लढाईत सैनिकांबरोबर गेलेल्या शेतातल्या, गोठ्यातल्या जनावरांच्या खऱ्या गोष्टी हव्या आहेत. हत्ती-घोडे नकोत, त्यांचे पुतळे पुष्कळ आहेत.

मावळतीचा_वारा | सोमवार, रात्री १०.३१

काय सुंदर प्रश्न विचारलाय नातवाने. वाचतेय.

दौलतगंजची_सून | सोमवार, रात्री ११.०५

लष्करकर काका, आमच्या घरी होतं हे! नाव नाही, पण बैल होता.

लग्न होऊन मी दौलतगंजात आले तेव्हा पोळ्याला सासूबाई कणकेचे बैल करायच्या. मातीचे मिळायला त्रास व्हायचा म्हणून कणकेचे. पाच बैल. चारांना लवंगांची शिंगं, ज्वारीच्या दाण्यांचे डोळे. पाचव्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना कणकेच्याच दोन फुगीर पिशव्या लावायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हा पाणक्याचा. ह्याला आधी नैवेद्य." पुरणाचा पहिला घास त्याच्या तोंडाला लावायचा, मग बाकीच्या चौघांना. मला तेव्हा वाटलं की पाऊस-पाण्यासाठी काहीतरी असेल. आज तुमचा धागा वाचला आणि अंगावर काटा आला.

त्या आता नाहीत. विचारायला हवं होतं.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७.२०

धागा एकदम झकास, पण काका, बैल कुठून आणला? पखाल हाल्यावर असते! आमच्या अकोल्याकडे माझ्या आज्याने डोळ्यांनी पाहिलेले पखालवाले सगळे हाल्यावाले. म्हण पण तशीच आहे ना, "रोग हाल्याला आन् औषध पखालीला." कुणी रेड्याला म्हणतात, कुणी हाल्याला. बैलाला कुणीच म्हणत नाही.

(ज्या तरुण मंडळींना हाल्या माहीत नाही त्यांच्यासाठी: हाल्या म्हणजे रेडा. आणि पखाल म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, जनावराच्या पाठीवरून दोन्हीकडे लोंबणारी. वरून पाणी भरायचं, खाली तोटीला वादी बांधलेली, ती सोडली की धार.)

पानिपतवेडा | मंगळवार, सकाळी ९.४८

ठेचा भाऊ, तुमचा मुद्दा म्हणीपुरता बरोबर आहे. गावातलं पाणी हाल्यावर यायचं, कारण हाल्या ताकदीचा, स्वस्त, आणि विहीर ते घर एवढंच त्याचं जग. पण फौजेबरोबर शेकडो कोस चालायचं तर हाल्या कामाचा नाही. त्याला ऊन सोसत नाही, दुपारी डबकं दिसलं की पखालीसकट बसतो. चालीला बैलच. महादजींच्या चरित्रांतही बैल असाच उल्लेख येतो.

आता लष्करकर, तुमच्या प्रश्नाकडे. नाव कुठे सापडायचं नाही, पण त्या बैलाने काय केलं ते नीट समजून घ्यायचं असेल तर आधीचे दोन-अडीच महिने बघावे लागतील. अब्दालीने दक्षिणेची वाट तोडली होती. रसद बंद. माणसांना दाणा नाही तिथे जनावरांना वैरण कुठली? छावणीत रोज जनावरं मरत होती, त्यांच्या दुर्गंधीने तळावर राहणं कठीण झालं होतं. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. हे सगळं होऊन १४ तारखेच्या संध्याकाळी जो बैल पाठीवर जखमी माणूस घेऊन चालू शकला, तोही त्याच छावणीतला उपाशी बैल होता. बरगड्या मोजता येत असतील. तोफा ओढणारे, बाजारबुणग्यांचं सामान वाहणारे, लमाणांचे धान्याच्या गोणी वाहणारे, असे हजारो बैल त्या मोहिमेत होते. त्यांतला गोष्टीत उरला तो हा एक.

माझा अंदाज आहे (अंदाजच, पुरावा मागू नका) की राणेखानाने आपल्या वाट्याचं त्याला घातलं असणार. भिस्त्याचा बैल मेला की भिस्त्याचं पोट मेलं.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी १०.०२

डबक्यात बसायचा मुद्दा मान्य. हाल्या माघार घेतो. 🙏

सुभेदार_मुरार | मंगळवार, दुपारी १.१५

लष्करकर साहेब, मी तुमच्याच गावचा, मुरारला राहतो. आर्मी सर्व्हिस कोरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली अकरा ॲनिमल ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे खच्चर. मराठी पुस्तकात खेचर लिहितात, आम्ही सगळे खच्चरच म्हणायचो.

तुमच्या मुलांना पेडोंगीची गोष्ट सांगा. ही खच्चर १९६२ मध्ये फौजेत आली. कालिम्पोंगजवळच्या पेडोंग गावावरून नाव पडलं. त्याआधी नुसता नंबर, १५३२८. खच्चरांचा नंबर खुरावर डागलेला असतो, खूर वाढला की झिजतो, म्हणून पुन्हा पुन्हा डागावा लागतो. १९७१ च्या लढाईत शत्रूने तिला पकडलं. काही दिवसांनी ती एकटी आपल्या तळावर परत आली. पाठीवर मशीनगन आणि दारूगोळ्याच्या दोन पेट्या तशाच बांधलेल्या! लगाम धरायला कोणी नव्हतं. डोंगरातून वाट काढत आली. पुढे खूप वर्षं नोकरी केली, म्हातारी झाल्यावर तिला मानाने सांभाळलं, निळ्या मखमलीची झूल पांघरून समारंभात उभं केलं. सगळ्यात जास्त नोकरी केलेलं लष्करी खच्चर म्हणून गिनीज बुकात तिचं नाव लागलं. १९९८ मध्ये गेली. दिल्लीला कोरच्या ऑफिसर्स मेसमध्ये एका दालनाला तिचं नाव आहे.

माझं स्वतःचं एक सांगतो. कुठल्या भागात ते लिहीत नाही. रात्री रेशन घेऊन वर चढत होतो, पंधरा जनावरं, मी सगळ्यात पुढच्या जनावराबरोबर. तिचं नाव मोती. मादी असून मोती, कारण कपाळावर तेवढाच पांढरा ठिपका. एका वळणावर ती थांबली. ओढलं, पुढे येईना. मागून ढकललं, कान मागे टाकले आणि चारी पाय रोवले. मी चिडलो, कमरेचा पट्टा काढला, मारणार तेवढ्यात पायाखालचा दगड घरंगळला आणि त्याचा खाली पडल्याचा आवाजच आला नाही. टॉर्च लावायची मनाई होती, मी पोटावर झोपून हाताने चाचपलं. पुढे हातभरावर रस्ता नव्हता. दुपारच्या पावसात गेला होता. मी तसाच आडवा पडून राहिलो, आणि ती वाकून माझ्या मानेवर गरम श्वास सोडत होती. तो श्वास मला आजही जाणवतो.

आमचा नियम होता, मुक्कामाला पोचलं की आधी जनावराचं ओझं उतरवायचं, पाठ चोळायची, खूर बघायचे, पाणी, दाणा, आणि मग माणसाने चहा घ्यायचा. अजून घरी मी चहा घेण्याआधी अंगणातल्या गाईला पाणी दाखवतो. बायको हसते.

मावळतीचा_वारा | मंगळवार, दुपारी १.४०

सुभेदार काका, डोळ्यांत पाणी आलं. मोतीचं पुढे काय झालं?

सुभेदार_मुरार | मंगळवार, दुपारी २.०३

माझी बदली झाली. ती तिथेच राहिली. निघताना गूळ दिला तिला.

प्रश्नचिन्ह | मंगळवार, सायंकाळी ५.५०

सुभेदार साहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

आपण सगळे 'इमानी', 'स्वामिनिष्ठ' म्हणतोय. पण त्या जनावराला कुणी विचारलं होतं का? राणेखानाने बैलावर माणूस टाकला, शेपूट पिळली, बैल चालला. त्याच्या दृष्टीने पाठीवर पखाल आहे की महादजी शिंदे, काय फरक? हे आपण आपल्या समाधानासाठी चिकटवलेले शब्द आहेत. लंडनला हाइड पार्कच्या कडेला २००४ मध्ये लढायांत मेलेल्या जनावरांचं स्मारक झालं. ओझ्याने वाकलेली दोन ब्राँझची खेचरं भिंतीच्या फटीकडे चालली आहेत. त्यावर कोरलंय की त्यांना पर्याय नव्हता. इमान वगैरे काही लिहिलेलं नाही. मला ते जास्त खरं वाटतं. मुलांना इमानाची गोष्ट सांगितली की आपली जबाबदारी सुटते.

पशुवैद्य_ताई | मंगळवार, रात्री ८.१५

प्रश्नचिन्ह, तुमच्या बाजूने एक गोष्ट टाकते. ही मुलांसाठी नाही, मोठ्यांसाठी आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसलेल्या इंग्रज फौजेच्या चिंडिट तुकड्यांबरोबर शेकडो खेचरं होती. जंगलात वाटा नव्हत्या, रेडिओ, उखळी तोफा, दारूगोळा सगळं त्यांच्या पाठीवर. मार्च १९४४ मध्ये तर ती विमानांतून आणि ग्लायडरमधून रात्री शत्रूच्या मुलखात उतरवली. पण खेचर ओरडतं, आणि शत्रू जवळ असताना एक ओरडणं म्हणजे सगळ्या तुकडीचं मरण. म्हणून मोहिमेआधी शस्त्रक्रिया करून त्यांचे स्वरतंतू काढून टाकले. शेकडो जनावरांचे. मी स्वतः शस्त्रक्रिया करते, त्यामुळे मला ते चित्र फार स्पष्ट दिसतं: भूल उतरल्यावर जनावर मान वर करून हाक मारायला बघतं, तोंड उघडतं, आणि नुसता वारा येतो.

ज्यांच्या जिवावर ती माणसं परत आली, त्यांतली बरीच खेचरं जंगलातच राहिली.

दुसरी गोष्ट डंकर्कची. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून हिंदी खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला गेल्या, मार्सेय बंदरात उतरल्या. तिथला हिवाळा असा कडक की बर्फात मोटारी अडकायच्या आणि आपली खेचरं चालायची. १९४० च्या मे-जूनमध्ये पळापळ झाली तेव्हा एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली, बाकीच्यांना बोटींतून इंग्लंडला नेलं. माणसांना. खेचरांना जागा नव्हती.

म्हणून मला वाटतं प्रश्न जनावराच्या इमानाचा नाहीच. आपल्या इमानाचा आहे.

बांधावरून | बुधवार, सकाळी ६.१०

मी मंगळवेढ्याकडचा, घरी दोन खिलार आहेत. प्रश्नचिन्ह साहेब, तुम्ही कधी बैल पाळलाय का? भांडायला विचारत नाही.

माझे वडील बाजारातून रात्री गाडीत झोपून यायचे. बारा किलोमीटर, दोन ओढे, एक रेल्वेचं फाटक. कासरा सैल सोडलेला. बैल फाटकापाशी आपण होऊन थांबायचे, गाडी गेली की चालायचे, आणि दारात आल्यावर मान हलवून घुंगरं वाजवायचे. मग आई उठायची. एकदा वडील वाटेत गाडीतून खाली पडले, ताप होता अंगात. बैल पन्नास पावलं गेले आणि थांबले. गाडी हलकी झाली हे त्यांना कळलं. मागून येणाऱ्या माणसाने पाहिलं तेव्हा दोघं रस्त्यात उभे, माना वळवून मागे बघत.

पाठीवर पखाल आहे की माणूस, हे बैलाला कळत नाही म्हणता? पाणी डचमळतं. माणूस कण्हतो. पखाल थंड असते, माणूस गरम असतो, रक्त ओलं असतं. कळत नसतं तर रक्ताच्या वासाने बुजून फेकून दिलं असतं. बैल रक्ताला बुजतो हो. तो चालला म्हणजे राणेखानाचा हात त्याच्या अंगावर होता, आणि त्या हातावर त्याचा भरवसा होता. आमच्याकडे ह्यालाच इमान म्हणतात. आमच्या डिक्शनरीत दुसरा शब्द नाही.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, सकाळी ७.०५

बांधावरून, दंडवत घ्या.

रेजायनाकर | बुधवार, सकाळी ८.४४

मी मूळ ग्वाल्हेरचा, छत्री बाजार. वीस वर्षं झाली कॅनडात आहे, सस्कॅचवान प्रांतात. लष्करकर, मुलांसाठी एक हसरी गोष्ट देतो, बोकडाची.

इथून पूर्वेला ब्रॉडव्ह्यू नावाचं छोटं गाव आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांची रेल्वे तिथे थांबली, एका मुलीचा बोकड सैनिकांना आवडला, त्यांनी तो मागून घेतला. नाव बिल. त्याला लपवून संत्र्याच्या खोक्यातून फ्रान्सला नेला. तिकडे ह्या साहेबांनी पलटणीची नावांची यादी खाऊन टाकली म्हणून त्यांना अटक झाली! पण तोफेचा गोळा येताना त्याला आधी ऐकू जायचा. एकदा त्याने तीन सैनिकांना ढुशी मारून खंदकात पाडलं आणि ते उभे होते तिथेच गोळा फुटला. जखमी झाला, विषारी वायू झेलला, चिखलाने पाय सुजले. सार्जंटची पदवी मिळाली. आणि लढाई संपल्यावर सैनिक त्याला विसरले नाहीत, घरी त्या मुलीकडे परत आणून दिलं. मेल्यावर पेंढा भरून ठेवलाय, गावच्या संग्रहालयात आजही उभा आहे. मी मुलांना घेऊन जाऊन आलो. काचेच्या पेटीतला तो बोकड बघून मला एकदम आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्याची आठवण आली.

अवांतर: मेळा अजून भरतो ना तसाच? आजोबा सांगायचे की १९०५ मध्ये माधवराव महाराजांनी तो सुरू केला तो गुरांचा बाजार म्हणूनच. आम्हाला मात्र पापड आणि झोपाळेच आठवतात.

दौलतगंजची_सून | बुधवार, सकाळी ९.३०

भरतो! पापड तेवढाच मोठा आहे, ताटाबाहेर जाणारा. तुम्ही कधी येताय?

म्हैसूरची_माहेरवाशीण | बुधवार, दुपारी १२.२०

बैलांचंच चाललंय म्हणून इकडची एक गोष्ट. वोडेयर राजांनी बांधलेल्या गुरांच्या खिल्लाराला टिपूने 'अमृतमहाल' नाव दिलं. दिसायला साधे, करडे, लांब शिंगांचे, पण चाल अशी की तोफा घेऊन घोडदळाबरोबर जायचे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे खिल्लार इंग्रजांच्या हाती लागलं. आणि १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेत ज्यांच्यावर चालून आला ते कोण? तुमचे दौलतराव शिंदे! आसईच्या लढाईपर्यंत त्याच्या फौजेने जी झपाट्याची चाल केली त्यात ह्या बैलांचा मोठा वाटा होता. पुढे स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत तोफा चिखलात रुतायच्या तेव्हा वेलस्लीला म्हैसूरच्या बैलांची आठवण यायची म्हणतात.

सांगायचं एवढंच की एका बैलाने शिंद्यांना वाचवलं आणि बेचाळीस वर्षांनी दुसऱ्या बैलांनी त्यांच्या शत्रूला आणून पोचवलं. बैलाला शिंदे कोण, इंग्रज कोण, काय ठाऊक. इथे मला प्रश्नचिन्ह यांचंही पटतं आणि बांधावरून यांचंही.

गाढवाचा_मित्र | बुधवार, दुपारी ३.३५

गाढवांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी आलो.

पहिल्या महायुद्धातलं तुर्कस्तानचं गॅलिपोली, १९१५. जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक नावाचा स्ट्रेचर उचलणारा सैनिक ऑस्ट्रेलियाच्या फौजेबरोबर २५ एप्रिलला उतरला. त्याला एक गाढव सापडलं. त्यावर पायाला जखमा झालेले सैनिक बसवून तो दरीतून किनाऱ्यापर्यंत आणायचा, रोज, गोळ्यांच्या पावसात. १९ मे रोजी मारला गेला, जेमतेम साडेतीन आठवडे. हे ऑस्ट्रेलियात शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. पण आपल्यासाठीची गोष्ट पुढे आहे: तो त्याच्या गाढवासकट हिंदी पहाडी तोफखान्याच्या तळावर मुक्कामाला असायचा, कारण खेचरांचा दाणापाणी तिथेच होता. आपले लोक त्याला 'बहादूर' म्हणायचे. राणेखान भिस्ती, सिम्पसन स्ट्रेचरवाला. दोघंही लढणारे नव्हते. दोघांनीही जखमी माणूस जनावरावरच घातला.

जुनी_घुंगरं | बुधवार, रात्री ९.१०

सदस्य होऊन सहा वर्षं झाली, आज पहिल्यांदा लिहितेय.

आमचे खापरपणजोबा ग्वाल्हेर संस्थानाच्या ट्रान्सपोर्ट कोरमध्ये होते. वायव्य सरहद्दीवरची १८९५ ची चित्रळची मोहीम आणि १८९७ ची तिराहची, दोन्हींत ही पलटण गेली होती. काम लढण्याचं नव्हे, तट्टं आणि खेचरांवरून धान्य-दारूगोळा पोचवण्याचं. त्यामुळे घरातही त्यांच्याबद्दल अभिमानाने फारसं कुणी बोलायचं नाही. चुलत घराण्यात तलवारबहाद्दर होते, त्यांचे फोटो दिवाणखान्यात. आमचे 'खच्चरवाले'. हा शब्द आजीला लहानपणी शेजारच्या मुलींनी चिडवायला वापरला होता, हे तिने मला ऐंशीव्या वर्षी सांगितलं, तेव्हाही तिचा आवाज कापत होता.

त्यांची एकच वस्तू आमच्याकडे आहे. पितळी घुंगरांचा पट्टा, सात घुंगरं, एक पिचलेलं. चामडं काळं पडून लाकडासारखं झालंय. नाकाजवळ नेलं तर अजून तेलाचा आणि घामाचा वास येतो, किंवा मला तसा भास होतो. आजी म्हणायची, जनावर वर डोंगरात थंडीने मेलं तेव्हा त्यांनी पट्टा काढून घेतला आणि पुढचा सगळा प्रवास स्वतःच्या गळ्यात घालून केला. म्हणजे मागून येणाऱ्या तट्टांना तो आवाज ओळखीचा होता, त्या आवाजामागे ती चालायची. दर दसऱ्याला शस्त्रांच्या पूजेत आम्ही तो पट्टा ठेवतो. आमच्याकडे शस्त्र दुसरं नाही.

लष्करकर काका, तुमच्या कार्यक्रमाला हवा असेल तर आणून देईन. मी कटोरातालजवळच राहते.

लष्करकर | बुधवार, रात्री ९.५५

ताई, तुम्ही पट्टा घेऊन स्वतः या आणि ही गोष्ट तुम्हीच सांगा. मी पाच मिनिटांत आवरतो. 'खच्चरवाले' हा शब्द त्या दिवशी माइकवरून मानाने घेऊ.

सुभेदार साहेब, तुम्हालाही यायचंय. मुरारहून घ्यायला गाडी पाठवतो.

प्रश्नचिन्ह | गुरुवार, सकाळी १०.१८

बांधावरून, मी बैल पाळलेला नाही, हे खरं. फ्लॅटमध्ये वाढलो. तुमच्या वडिलांची गोष्ट दोनदा वाचली. 'गाडी हलकी झाली हे त्यांना कळलं', ह्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण माझा मुद्दा मी सोडत नाही, थोडा बदलतो. भरवसा त्याचा होता, मान्य. तो टाकला कुणी? डंकर्कच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या खेचरांचाही भरवसाच होता. म्हणून लष्करकर, मुलांना इमानाची गोष्ट जरूर सांगा, पण परत न आणलेल्यांचीही एक सांगा. मुलांना झेपतं. सहा वर्षांच्या मुलाने नाव विचारलं, आपल्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

बांधावरून | गुरुवार, सकाळी १०.४०

हे पटलं. या एकदा मंगळवेढ्याला, हुरड्याला. बैलांची ओळख करून देतो. एकाचं नाव सर्जा, दुसरा सध्या रुसलेला आहे.

पानिपतवेडा | गुरुवार, दुपारी १२.०५

मीही दोन दिवस बैलांच्या जुन्या नावांचा विचार करतोय. सर्जा-राजा, ढवळ्या-पवळ्या, चिंत्या, हौशा. पण राणेखानाने हाक कुठल्या भाषेत मारली असेल? हिंदुस्थानीत? मला वाटतं त्याने नावाने हाक मारलीच नसेल. आमच्या गावचा पखालवाला नुसता जिभेने 'टक्' करायचा आणि जनावर चालायचं. त्या रात्री थंडीत, धुक्यात, मागे पठाण असताना मोठ्याने हाक मारणं शक्यही नव्हतं.

लष्करकर | रविवार, रात्री ९.३०

मंडळी, धागा वर काढतोय. काल पोळा झाला.

शंभरेक माणसं, त्यात चाळीस मुलं. सुभेदार साहेब बोलले, मोतीच्या वळणाशी आल्यावर थांबले, पाणी प्यायले, आणि पुढचं सांगितलं. घुंगरांचा पट्टा मुलांच्या हातातून फिरला, प्रत्येकाने वाजवून बघितला, पिचलेलं घुंगरू कुठलं ते शोधलं. ताईंच्या आजी असत्या तर! प्रश्नचिन्ह, डंकर्कची गोष्ट मी सांगितली. एका मुलीने विचारलं, मग त्यांना चारा कुणी घातला? मी खरं तेच सांगितलं, मला माहीत नाही म्हणून.

नातवाला मी आदल्या रात्रीच सांगितलं होतं, "अरे, खूप जणांना विचारलं, बैलाचं नाव कुणालाच ठाऊक नाही." त्याने थोडा विचार केला. मला वाटलं आता तो एखादं नाव ठेवेल. त्याऐवजी म्हणाला, "आबा, तो सगळ्यांना पाणी आणायचा ना? मग त्याला पाणी कोण द्यायचं?"

दौलतगंजच्या सूनबाईंनी सांगितलं तसा माझ्या सुनेकडून पाचवा बैल करून घेतला, दोन पिशव्यांचा. डावी पिशवी वाळताना तडकली. नैवेद्य दाखवून झाल्यावर पोरगा स्वयंपाकघरातून माझी चांदीची वाटी घेऊन आला, काठोकाठ भरली आणि त्याच्या तोंडापुढे ठेवली. सकाळी बघतो तर वाटी अर्धी. आमची मांजर दोषी असावी, पण मी काही बोललो नाही आणि तोही काही बोलला नाही, फक्त वाटी पुन्हा भरली.

दौलतगंजची_सून | रविवार, रात्री १०.०२

काका, तडकलेली पिशवी तुपाच्या बोटाने सांधते. पुढच्या वर्षी मी येऊन करून देईन. कणीक थोडी घट्ट भिजवायची, आणि पिशव्या आधी, बैल नंतर.

रेजायनाकर | रविवार, रात्री ११.४७

कुणी फोटो काढलेत का? इकडे मुलं विचारतायत.